राजापूरकडचा आमचा जांभ्याचा गोठा: पाडायचा नाही, राहायला जायचंय

खाडीकाठ | 11 जानेवारी

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात खाडीच्या अंगाला आमचं घर आहे आणि मागीलदारी, वीसेक पावलांवर, गोठा. लांबी 32 फूट, रुंदी 18. भिंती 20 इंच जाड, चिरे मातीत बसवलेले. फक्त चार कोपरे आणि दाराच्या दोन्ही बाजू चुन्यात. वर मंगलोरी कौलं. मधोमध जांभ्याचीच गव्हाण, दोन्ही अंगांना दावणी, वर पेंढ्याचा माळा. शेवटची बैलजोडी 2009 साली विकली. गावात पॉवर टिलर आला आणि बैल ठेवणं परवडेना. गाय त्यानंतर पाच वर्षं होती. मग गोठा रिकामा.

मी 31 वर्षं पुण्यात नोकरी करून आता कायमची गावी आले आहे. मूळ घर भावंडांत सामाईक आहे आणि मे महिन्यात, गणपतीत ते भरलेलं असतं. मला माझी अशी एक जागा हवी आहे. गोठा ज्या जमिनीत आहे तो तुकडा वाटणीत माझ्याकडे आला. सगळे म्हणतात, पाड, चिरे वीक आणि स्लॅबचं दोन खोल्यांचं बांध. माझा जीव होत नाही. वडिलांनी 1972 च्या सुमारास यातली अर्धी भिंत स्वतः चढवली आहे, सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून, चिरे डोक्यावर आणून.

अडचणी अशा: खालचे तीन फूट भिंत कायम ओलसर, त्यावर पांढरा थर येतो, झाडला की महिन्याभरात पुन्हा. आढ्याच्या एका टोकाला वाळवी आहे. दार एकच, चार झरोके, दिवसाही आत अंधार. ठेकेदार म्हणतो, भिंती खरवडून आतबाहेर सिमेंटचं प्लास्टर करू, वॉटरप्रूफ रंग मारू, खाली काँक्रीट ओतून टाईल्स, की प्रश्न मिटला. मला खात्री वाटत नाही. कोणी असा गोठा राहता केला आहे का?

चिरेबंदी | 11 जानेवारी

ताई, आधी ते सिमेंट थांबवा. मी गुहागरचा, बांधकामातच आयुष्य गेलं, आणि ही चूक मी आमच्याच घरात केलेली आहे.

तुमच्या भिंतीवर जो पांढरा थर येतो तो लोणा. साध्या घराच्या भिंतीला लागतो तो वेगळा आणि गोठ्याचा वेगळा. गुरांचं मूत आणि शेण चाळीस-पन्नास वर्षं जमिनीत मुरतं, मातीतले जिवाणू त्याचे क्षार करतात आणि ते क्षार ओलीबरोबर चिऱ्यात चढतात. बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा पूर्वी गोठ्यांच्या मातीतून काढायचे, तो याच जातीचा. हे क्षार हवेतली दमट वाफसुद्धा ओढून घेतात. म्हणून कौलातून थेंब गळत नसतानाही जुलैमध्ये भिंत घाम आल्यासारखी ओली होते. ही ओल खालून येते तशी हवेतूनही येते, हे लक्षात घेतलं नाही तर सगळे उपाय फुकट जातात.

जांभा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून काढताना तासता येईल इतका मऊ, उघड्यावर पडला की कठीण होत जातो. तो पाणी पितो आणि वारा लागला की सोडून देतो. त्याच्या तोंडावर सिमेंट थापलं की आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट राहत नाही. मग ते वर सरकतं. आमच्या माजघराची ओल प्लास्टरआधी कमरेपर्यंत होती. 1998 मध्ये प्लास्टर केलं आणि दहा वर्षांत ती डोक्याच्या वर गेली. प्लास्टर काढलं तेव्हा त्याच्या पाठीला चिटकून चिऱ्याचा अर्धा इंच थर निघून आला. क्षार त्या दोहोंच्या मध्ये सुकतात, फुलतात आणि दगड पोखरतात.

खालचं काँक्रीटही तसंच. जमिनीतली वाफ मधून वर येऊ शकली नाही की ती चारी बाजूंना भिंतीकडे वळते.

माझा क्रम असा असता. पहिलं, आतली जमीन दीड फूट खणून सगळी माती बाहेर काढा. ती फेकू नका, कलमांच्या अळ्यात घाला, उत्तम खत आहे. दुसरं, बाहेरची जमीन बघा. वर्षानुवर्षं माती आणि पाचोळा साचून ती आतल्या जमिनीपेक्षा उंच झालेली असते. जोतं मोकळं होईपर्यंत उतरवा आणि भिंतीपासून तीन फुटांवर उताराला चर काढा. तिसरं, एक पावसाळा भिंत उघडी राहू द्या. मग चुना.

आचऱ्याचो | 12 जानेवारी

ताईनू, सिमेंट लावू नकात. आमच्या गोठ्याक लावलेला, चार पावसाळ्यात चिरो आतल्या आत सुटलो. हात लावलो की भुगो पडता. वरसून भित बरी दिसता, आत काय ऱ्हवाक नाय.

आणि एक सांगतंय. गोठ्याची गायरी, शेण टाकूचो खड्डो, खय होती ता आईक इचारा. आमची भितीक लागान होती, पन्नास वर्सा शेण थयच पडला. ती एक भित अजून सुकाक नाय. त्या बाजूक निजाची खोली काढू नकात.

खाडीकाठ | 12 जानेवारी

विचारलं आईला. गायरी उत्तरेच्या भिंतीला होती, आणि तिथेच लोणा सगळ्यात जास्त आहे! मी तिकडेच पलंग ठेवायचा ठरवलं होतं, कारण त्या बाजूने खाडी दिसते.

पागोळी | 12 जानेवारी

मी दापोलीहून. भिंतीचं सगळं पटलं, पण माझं म्हणणं छप्पर आधी. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात आमच्या गावातली निम्मी छपरं उडाली, तेव्हा काय टिकलं आणि काय गेलं ते डोळ्यांनी पाहिलं आहे. पत्रे अख्खेच्या अख्खे उडून दुसऱ्याच्या बागेत पडले. कौलं गेली ती बहुतेक कडेची आणि आढ्यावरची. ज्यांनी खालच्या दोन ओळी तारेने रिपांना बांधल्या होत्या आणि आढ्याची कौलं चुन्यात बसवली होती, त्यांचं नुकसान कमी झालं. वासेच भिंतीवर नुसते टेकवलेले असतील तर कौलं बांधूनही उपयोग नाही. तुळई भिंतीत धरून ठेवणारी लोखंडी पट्टी घालून घ्या.

लाकूड कोणतं आहे? आमच्याकडच्या जुन्या गोठ्यांत ऐन किंवा किंजळ असतो, आणि ते पन्नास-साठ वर्षांचे वासे आजच्या बाजारातल्या लाकडापेक्षा केव्हाही चांगले. सगळे बदलू नका. एकेक वाशाला टिकावाच्या दांड्याने ठोकून बघा, भद्द आवाज आला तो बदला. बाकीच्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावा, वाळवी जवळ येत नाही. ते लावताना हातमोजे हवेतच. कातडी भाजते, फोड येतात. माझ्या भावाच्या हातावर अजून डाग आहेत.

शक्य असेल तर छपराची पडण बाहेर वाढवा. कोकणात भिंतीचा खरा शत्रू म्हणजे झड. सरळ पडणाऱ्या पावसाचं एवढं काही नाही. वाऱ्याने आडवा येणारा पाऊस चिऱ्यात भिनतो. आपले लोक पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांची झापं का लावायचे, तर याचसाठी. तुम्ही तिकडे पाच फुटांची पडवी काढलीत तर भिंतही वाचेल आणि बसायला जागाही होईल. पागोळ्या जिथे पडतात तिथे जमिनीवर जाड गोटे पसरा, नाहीतर उडालेल्या शिंतोड्यांनी जोतं भिजत राहतं.

अंधारासाठी काचेची कौलं. 32 फुटांत सहा-सात पुरेत. तीही उत्तरेच्या उतारावर, दक्षिणेला घातलीत तर एप्रिलमध्ये आत बसवणार नाही.

दूरदेशी | 14 जानेवारी

मी मूळची वेंगुर्ल्याची, आता बरीच वर्षं उत्तर इंग्लंडमध्ये आहे. हा धागा वाचून राहवलं नाही. इथे यॉर्कशायर डेल्समध्ये, विशेषतः स्वेलडेल खोऱ्यात, शेताशेतात दगडी गोठे आहेत. खाली गुरं, वर गवत. पहिल्यांदा आत गेले तेव्हा अगदी आमच्या गोठ्याची आठवण झाली. थंडीत गुरं आतच बांधायची, वरचं गवत खाली टाकायचं आणि साठलेलं शेण वसंतात त्याच शेतात पसरायचं. शेती बदलली आणि हे गोठेही ओस पडले.

असे गोठे राहते करायचं काम इथे पुष्कळ चालतं. 2014 पासून शेतीच्या इमारतीचं घर करायला इंग्लंडमध्ये परवानगीची वाट सोपी केली, पण राष्ट्रीय उद्यानांत ती सवलत नाही आणि डेल्स 1954 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे प्रत्येक गोठ्याचा स्वतंत्र विचार होतो. नवीन खिडक्या किती, कुठल्या बाजूला, दगडाचं सांधकाम कशात, सगळं विचारतात. सांधकाम चुन्यातच करा असा आग्रह असतो, आणि कारण चिरेबंदी यांनी सांगितलं तेच. इथेही विसाव्या शतकात लोकांनी जुन्या दगडांचे सांधे सिमेंटने भरले आणि आता ते काढत बसले आहेत.

एक गोष्ट मला इथली फार आवडली. चांगलं काम करणारे लोक आत खोल्या पाडत नाहीत. गोठ्याचं देखणेपण त्याच्या एकसंध उंचीत असतं. आढ्यापर्यंत नजर जायला हवी. झोपायची जागा माळ्यावर, न्हाणीघर एका टोकाला, बाकी मोकळं. ताई, तुम्हीही मधे भिंती घालू नका. आणि गव्हाण काढू नका, कळकळीने सांगते.

सातबारा | 15 जानेवारी

कागदांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. जमीन महसूल संहितेत, म्हणजे 1966 च्या कायद्यात, शेतीच्या इमारतीची जी व्याख्या आहे तिच्यात गुरांचा निवारा, चारा आणि अवजारं ठेवायची जागा येते, तसं जमीनधारकाच्या कुटुंबाचं राहणंही येतं. त्यामुळे स्वतः राहायचं असेल तर गोष्ट तुलनेने सरळ आहे. पण उद्या पर्यटकांना भाड्याने द्यायचं मनात आलं तर वापर बदलतो, मग बिनशेतीचा प्रश्न येतो. आज काय करणार ते ठरवूनच तलाठी आणि ग्रामपंचायतीकडे जा.

ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, गोठ्याची नोंद आहे का बघा. तो मालकीचा पुरावा नाही, पण इमारत जुनी आहे हे दाखवायला उपयोगी पडतो. वाटणी तोंडी झाली असेल तर सातबारावर भावंडांची नावं अजून असतील; खर्च करण्याआधी वाटणीपत्र करून घ्या. मनं चांगली असतानाच ही कामं होतात.

खाडी किती जवळ आहे? किनारा नियमनाच्या 2011 च्या अधिसूचनेत खाडीकाठी निर्बंधाचा पट्टा 100 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते, आणि 2019 च्या अधिसूचनेत 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. भरतीरेषेपासून मोजतात, पाण्यापासून नाही. मंजूर नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर बघितल्याशिवाय पडवी वाढवू नका. असलेल्या जोत्यावर दुरुस्ती आणि जोतं वाढवणं यांत खूप फरक पडतो.

सड्यावरचा | 15 जानेवारी

सगळ्यांचं ऐकलं, तरी माझं मत वेगळं आहे आणि ते मी जबाबदारीने मांडतो. आम्ही जुना गोठा पाडला आणि चिरे वापरून नवीन घर बांधलं, वर स्लॅब. कारण शाकारणी, म्हणजे कौलं काढून पुन्हा नीट बसवण्याचं काम. दर वर्षी मे महिन्यात छपरावर चढायला माणूस मिळत नाही. माकडं कौलं फोडतात. आमचे शाकारणीचे गडी सत्तरीला आले आणि त्यांची मुलं मुंबईला आहेत. ताई एकट्या राहणार; साठीनंतर हे झेपेल का? जुन्याचं प्रेम मलाही आहे, पण पावसात एकदा मध्यरात्री गळायला लागलं की कोणाला हाक मारायची याचा विचार आधी करा.

पागोळी | 15 जानेवारी

हा प्रश्न खरा आहे. माकडांचा त्रास मीही काढते. माझा उपाय असा: कौलांच्या खाली वाशांवर फळ्यांची तक्तपोशी, तिच्यावर पाणी अडवणारा कागद, त्यावर उभ्या पट्ट्या आणि मग रिपा आणि कौलं. दोन-चार कौलं फुटली तरी पाणी कागदावरून पन्हाळीत जातं, आत येत नाही. शाकारणी मग दर वर्षी नाही, दोन-तीन वर्षांनी केली तरी चालते. उष्माही कमी. खर्च वाढतो, तो लपवत नाही.

चिरेबंदी | 16 जानेवारी

पडणारी आणि टिकणारी भिंत यांतला फरक आधी तपासा, मग भावनेचं बोला, हे मी सड्यावरचा यांच्या बाजूने म्हणेन. ओळंबा लावून बघा. भिंत बाहेरच्या अंगाला कललेली असेल, पोट आलं असेल, तर मातीतलं बांधकाम तेवढ्या भागात उतरवून पुन्हा रचावं लागतं. सरळ असेल तर पाडायचं काहीच कारण नाही.

खिडक्या: कोपऱ्यापासून तीन फुटांत कापू नका. रुंद एक करण्यापेक्षा अरुंद तीन करा. वर आधी टेकू देऊन तुळवट बसवायची, मग खालचे चिरे काढायचे. उलट क्रमाने काम केलेलं मी एका ठिकाणी पाहिलं, वरचे दोन थर गड्याच्या पायाशी येऊन पडले. विजेचे पाइप भिंतीत गाडू नका, बाहेरून न्या. संडास-न्हाणी शक्यतो भिंतीबाहेर, वेगळ्या जोत्यावर. शोषखड्डा विहिरीपासून निदान 15 मीटर, आणि विहिरीच्या खालच्या अंगाला. जांभ्यातून पाणी फार सहज वाहतं, खड्ड्यातलं विहिरीत जायला वेळ लागत नाही.

खाडीकाठ | 2 फेब्रुवारी

ओळंबा लावला. तीन भिंती सरळ आहेत. उत्तरेच्या भिंतीला मधे पोट आहे, साधारण सात फुटांच्या लांबीत. तेवढी उतरवून रचणार.

एक वेगळाच प्रश्न. माळा रिकामा करताना कोपऱ्यात गव्हाणी घुबड निघालं. पांढरा बदामासारखा चेहरा. गडी म्हणतात अशुभ आहे, हाकलून लावू. काय करू?

आचऱ्याचो | 2 फेब्रुवारी

हाकलू नकात! उंदीर कोण खातलो मगे? पिल्ला असतीत तर ती उडापर्यंत त्या बाजूचा काम थांबवा.

पागोळी | 3 फेब्रुवारी

नावच गव्हाणी आहे त्याचं, गोठा त्याचाही. आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीत बाहेरून उघडणारी एक लाकडी पेटी बसवा, आतून बंद. जुन्या जागेजवळच असली तर बहुधा येतं परत.

खाडीकाठ | 20 ऑक्टोबर

उशिरा लिहितेय, क्षमा असावी. पावसाळा संपायची वाट बघत होते.

जमीन दीड नाही, दोन फूट खणावी लागली. पावणेदोन फुटांपर्यंत माती काळी आणि उग्र वासाची होती. सगळी हापूसच्या अळ्यांत गेली. बाहेरची जमीन पूर्वेला तब्बल चौदा इंच वर आलेली होती; ती उतरवल्यावर जोत्याचे कोरीव कडेचे चिरे निघाले, जे आईनेही कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. ती काठी टेकत येऊन त्यांच्यावरून हात फिरवून गेली.

उत्तरेच्या भिंतीला पांढरी माती आणि कागदाच्या लगद्याचा लेप लावला, सुकू दिला, सोलून काढला. तीन वेळा. पहिला लेप सुकल्यावर मिठासारखा चमकत होता. तिसऱ्याला चमक जवळजवळ नाहीशी झाली. सोललेले तुकडे गोणीत भरून लांब नेले.

चूकही झाली. पहिल्या चुन्यात गड्याने खाडीची वाळू मिसळली, जवळ होती म्हणून. आठवड्याभरात सांध्यांवर पुन्हा पांढरं आलं. सगळे सांधे उकरले. मग नदीची वाळू आणून, धुवून, एकास तीन, त्यात विटांची सुर्खी, म्हणजे भुकटी. चुना बारा दिवस भिजवला. मार्चच्या उन्हात तो फार लवकर सुकत होता म्हणून ओली गोणपाटं टांगली. सांधे भरले आणि एक पातळ हात दिला, त्यावर चुन्याची सफेदी. बाकी काही नाही.

पडवी काढली नाही. नकाशा पाहिला, जोतं वाढवणं नियमात बसत नव्हतं. त्याऐवजी पश्चिमेला झापं लावली, गावातल्या दोन बायकांनी विणून दिली. छपराला तक्तपोशी पागोळी यांनी सांगितली तशी. वासे 26 पैकी सात बदलले. काचेची कौलं सहा.

जुलैमध्ये उत्तरेची भिंत ओली झालीच, खरं सांगते. पण फूटभर, तीन फूट नाही. आणि सप्टेंबरच्या उघाडीत चार दिवसांत सुकली. पलंग दक्षिणेला आहे. न्हाणी बाहेर. आत एकही भिंत घातली नाही. गव्हाण जिथे होती तिथेच, तिच्या कडेवर फळी टाकून स्वयंपाकाचा ओटा केला आहे. उंची अगदी बरोबर आली, बैलांसाठी बांधलेली असून.

घुबड मेमध्ये गेलं होतं. ऑगस्टपासून पेटीखाली उंदराची हाडं आणि केसांच्या गोळ्या पडायला लागल्या आहेत.

सड्यावरचा | 21 ऑक्टोबर

ताई, मनापासून अभिनंदन. माझं मत मी बदललं असं नाही, पण आमच्या काकांचा एक गोठा अजून उभा आहे, आणि ते पाडायच्या बोलण्यात आहेत. त्यांना घेऊन तुमचं काम बघायला आलो तर चालेल का? दिवाळीनंतर?

खाडीकाठ | 21 ऑक्टोबर

नक्की या, पण दिवाळीनंतर नको, आषाढात या. आत्ता सगळेच गोठे कोरडे दिसतात. भिंतीला हात लावून काय ते काकांना स्वतः कळू दे. येताना चपला नको, चांगली पकड असलेले बूट घाला, पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, शेवाळ असतं. काकांना खाली उतरवायला मी पुतण्याला थांबवून ठेवीन.